डोळ्याच्या बाजूनं घासलेली माती

८ जानेवारी

कामाच्या जागी एक नोंदवही आहे. तिच्यात तारीख, डब्याचा नंबर, राळ किती मुरली आणि किती घासलं, एवढंच लिहायचं. "बापरे" लिहायला तिच्यात रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही, घरची, माझ्या एकट्याची.

वय सत्तावन्न. एकतीस वर्षं मी आणि दादा चष्म्याचं दुकान चालवत होतो. दादा पुढे गिऱ्हाईक बघायचा, मी मागे काचा घासायचो. आता काचा तयार होऊन खोक्यातून येतात, घासणारा लागत नाही. दुकान बंद झालं. तेवढ्यात ही जाहिरात दिसली: काच व दगड घासण्याचा अनुभव हवा. दगडाचा नव्हता, काचेचा रगड होता. दादाला न विचारता अर्ज केला, म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. तो वरच्या मजल्यावर राहतो, मी खालच्या. जिन्यात समोरासमोर आलो की भिंतीकडे बघून खाकरतो.

नोकरी विद्यापीठाच्या भूगर्भ विभागात, तळघरातल्या खोलीत. करवत, घासायचं चाक, हवा काढायचा पंप आणि मी. वर बाई. त्यांना आडनाव असेल, पण सगळे नुसतं बाई म्हणतात. जूनअखेर निवृत्त होणार आहेत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी चौदा पत्र्याचे डबे दाखवले, पुस्तकाएवढे, प्रत्येकात मातीचा एक ठोकळा. म्हणाल्या, "चष्मेवाले, ह्या मातीचा असा पातळ काप करायचा की तिच्यातून उजेड आला पाहिजे. माझं सगळं या चौदा डब्यांत आहे."

माती आणि उजेड! मी मान डोलावली. नव्या जागी पहिल्या दिवशी मान डोलावलेली बरी.

१४ जानेवारी

आज बाईंनी समजावून सांगितलं. मी विचारलं होतं साधंच, की ही माती कुठली. त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि रस्त्यापलीकडचा बसथांबा दाखवला.

"तिथे उभं राहून तुम्ही बसची वाट बघता ना? काही लाख वर्षांपूर्वी तुमच्या डोक्यावर दीड किलोमीटर बर्फ असता."

मी वर बघितलं. छताला पंखा होता.

एवढ्या ओझ्याखाली माती दगडासारखी घट्ट होत असेल असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, उलट. मातीत पाणी अडकलेलं असतं, वर बर्फाचं झाकण, त्याला जायला वाट नाही. मग ओझं पाणीच पेलतं आणि माती लोण्यासारखी मऊ होते. त्या मऊ मातीवरून अख्खा बर्फ सरकत जातो, आणि सरकताना मातीला ओढतो, वळवतो, तिच्या घड्या पाडतो. ते सगळं त्या घड्यांत राहतं. बर्फ वितळून जातो, माती विसरत नाही.

आता बाईंचं म्हणणं. सगळे म्हणतात हा बर्फ डोंगराकडून उतरला. बाई म्हणतात, नाही, समुद्राकडून आला, चढ चढत आला. आज जिथे पाणी आहे तिथे तेव्हा बर्फाचा प्रचंड ढीग होता. बावीस वर्षं त्या हे सांगताहेत. दुसऱ्या शहरात एक म्हातारे प्राध्यापक आहेत, बाई त्यांना डोंगरवाले म्हणतात. प्रत्येक परिषदेत ते उठून म्हणतात, "बाई, पुरावा?" आणि सभागृह हसतं.

पुरावा या डब्यांत आहे. गेल्या वर्षी वाळूच्या खाणीत तो थर उघडा पडला. बाईंना तीन दिवस मिळाले. त्यांनी भिंतीसमोर गुडघे टेकून हे डबे मातीत दाबले आणि कापून काढले. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र. चौथ्या दिवशी खाणवाल्यांनी खड्डा बुजवला. आता त्यावर गोदाम उभं आहे. म्हणजे हे चौदा गेले की संपलं.

बापरे.

२ फेब्रुवारी

पहिला काप झाला!

रीत लिहून ठेवतो. मातीतलं पाणी हळूहळू काढायचं, त्या जागी पातळ राळ मुरू द्यायची. हे माझ्या आधीच्या माणसानं करून ठेवलं होतं. ठोकळा दगडासारखा झाला की डब्यातून काढून करवतीनं पातळ तुकडा काढायचा, काचेला चिकटवायचा आणि कुरुंदाच्या पावडरीवर घासत जायचं, केसाच्या निम्म्याहून कमी जाडीपर्यंत. आता घासणं मला कोणी शिकवायला नको. डब्याच्या झाकणाकडची बाजू, म्हणजे बाहेरची, ती काचेला चिकटवली आणि आतली बाजू घासली. चष्म्याच्या काचेचंही तसंच. बाहेरचं अंग गिऱ्हाईक मिरवतो, त्याला हात लावायचा नाही. घासायचं नेहमी डोळ्याच्या बाजूनं. हात आपसूक तसाच वळला. मग घासलेली बाजू वर ठेवून कोपऱ्यात हिऱ्याच्या लेखणीनं नंबर कोरला.

मायक्रोस्कोपला दोन पोलरॉइड काचा आहेत, आपण गॉगलला लावायचो तशाच. बाईंनी त्यातली एक फिरवली आणि म्हणाल्या, "बघा."

काय लिहू? खाली काळा-पांढरा पट्टा, काळा-पांढरा पट्टा. बर्फ यायच्या आधी इथे तळं होतं. पांढरा पट्टा उन्हाळ्याचा, तेव्हा तळ्यात जाड गाळ यायचा. काळा हिवाळ्याचा, तळं गोठलं की नुसती भुकटी बसायची. एक जोडी म्हणजे एक वर्ष. मी मोजले. एकसष्ट. माझं अख्खं आयुष्य आणि वर चार वर्षं, तळहाताच्या रुंदीत. आणि त्यांच्या वर बर्फ आला होता. तिथे पट्टे लवले होते, मग दुमडले होते, मग फाटले होते. मोहरीएवढा एक दगड होता आणि सगळे बारीक कण त्याच्याभोवती वळून गोल उभे होते, कारण तो दगड तिथे फिरला होता. दीड किलोमीटरच्या अंधाराखाली तो फिरला, आणि कोणी बघितलं नाही. आज मी बघितलं.

घरी येताना बसथांब्यावर जरा हळूच उभा राहिलो.

९ फेब्रुवारी

दुसऱ्या कापाचा कोपरा तुटला. बाई म्हणाल्या, कोपरा तर कोपरा, घरी न्या, बायकोला दाखवा. हिनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, "अहो, चांगला रंग आहे पडद्याला." पण मग बराच वेळ धरून बसली.

१९ फेब्रुवारी

सहावा काप. आज बाई मायक्रोस्कोपवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या.

"चष्मेवाले, टेबलावरचा कपडा हातानं पुढे ढकलला की वळ्या पडतात. त्या वळ्यांची माथी कुठे कलतात?"

"हात ढकलतो तिकडे."

"बघा इथे."

मी बघितलं. नखाहून लहान घड्या, एकीमागे एक, एका घडीत पाच-सहा हिवाळे उलटेपालटे. सगळ्यांची माथी डावीकडे कललेली. डावीकडे म्हणजे डोंगराकडे. म्हणजे ढकलणारा हात समुद्राकडचा!

साही कापांत तसंच. बाई खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. एका बाईची बावीस वर्षं खरी ठरताना मी बघितली, आणि त्यात माझा हात आहे. माझे डोळे भरून आले, लाज कसली लिहायला. त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "सर्दी."

परिषदेला लेख पाठवायची शेवटची तारीख ३१ मार्च. जूनमध्ये परिषद, जूनमध्येच निवृत्ती. माझ्या मनात आलं, डोंगरवाले पहिल्या रांगेत बसलेले असावेत.

३ मार्च

अकरा काप झाले. आज बाई स्वतः चहा घेऊन तळघरात आल्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, "लेखात कृती लिहायची आहे. तुम्ही कसं करता ते पहिल्यापासून सांगा."

मी रंगात येऊन सांगितलं. बाहेरची बाजू काचेला, आतली बाजू घासायची, घासलेली वर. चष्म्यातही असंच, हेही सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. मग लिहायच्या थांबल्या.

"झाकणाची बाजू खाली? काचेकडे?"

"हो. सुरक्षित राहते."

"अकराच्या अकरा?"

"एकसारखं काम, बाई. एकतीस वर्षांचा हात आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा हात फार चांगला आहे, चष्मेवाले." आणि उरलेले तीन डबे सध्या राहू देत असं सांगून वर गेल्या. चहा तसाच राहिला.

दिवसभर मी हवेत होतो. एवढं कौतुक दुकानात कोणी केलं नव्हतं. दादा तर नाहीच नाही.

१० मार्च

वरच्या खोलीत खाणीच्या भिंतीचा मोठा फोटो लावलेला होता, डब्यांच्या जागा आखलेला. तो दिसत नाही. फ्रेम करायला दिला असावा. सहाव्या ठोकळ्याचा उरलेला अर्धा तुकडाही जागेवर नाही. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "घरी नेलाय." माती घरी नेतात म्हणजे जीव किती आहे त्यांचा त्यात.

१७ मार्च

बाईंचं काहीतरी बिनसलं आहे. आठवडाभर मायक्रोस्कोपवरची खोळ काढलेली नाही. लेखाचं विचारलं तर "चाललंय" म्हणतात. कचऱ्याच्या टोपलीत कागद भरलेले.

न राहवून विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का? काप जाड झालेत का?"

"इतके चांगले काप मी जन्मात बघितलेले नाहीत," त्या म्हणाल्या. आणि डोळ्यांत पाणी.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, कौतुक करताना कोणी रडत नाही. त्यांना काहीतरी खातंय. विचारा."

"विचारलं की."

"तुम्ही कापांबद्दल विचारलंत."

बायकांना कुठून कळतं कोण जाणे. मला वाटतं निवृत्तीचं दुःख असेल.

२५ मार्च

रविवार. काय घडलं ते शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी दादा खाली आला. दारातूनच म्हणाला, "तुझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. जिन्यात खुळखुळा वाजतो. लोक हसतील, चष्मेवाल्याचा भाऊ म्हणून." चार महिन्यांतलं हे त्याचं पहिलं वाक्य. खिशातून बारका पेचकस काढला, माझ्या नाकावरून चष्मा उतरवला आणि खिडकीशी उभा राहून पिळायला लागला.

खिडकीत तो तुटलेला कोपरा ठेवलेला होता. त्यानं उचलून उजेडात धरला.

"हे काय?"

मी सांगितलं. बर्फ, तळं, एकसष्ट हिवाळे, घड्या, समुद्र, बावीस वर्षं, सगळं. तो खुर्चीत बसला. ऐकताना त्याचं तोंड जरा उघडं राहिलं होतं, लहानपणी राहायचं तसं. शेवटी म्हणाला, "घासकाम झकास आहे. कुठल्या बाजूनं घासलंस?"

"कुठल्या म्हणजे? डोळ्याच्या."

"कोणाच्या डोळ्याच्या?"

"म्हणजे?"

"अरे, बाई कुठे होत्या? भिंतीसमोर. भिंतीकडे बघत. म्हणजे त्यांना जी बाजू दिसत होती ती झाकणाची. ती तू खाली घातलीस आणि आतली वर आणलीस. मग आता वरून बघणारा कुठे उभा आहे?"

मला कळेना. दादानं खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला बोट लावलं.

"हा तुझा कुठला डोळा?"

"उजवा."

"माझ्या कुठल्या हाताला आहे?"

डाव्या.

एकतीस वर्षं आम्ही हेच करत आलो. समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला. दुकानात घोटाळा कधी झाला नाही, कारण चष्मा घालणारा आतूनच बघतो. पण या मातीला डोळे नाहीत. मी तिला जणू डोळे आहेत असं समजून घासलं. अकराही काप मी भिंतीच्या आत उभं राहून बाहेर बघावं तसे केले आहेत. बाई त्यांच्याकडे बाहेरून बघताहेत. सगळं डावं उजवीकडे आहे. घड्या डोंगराकडे कललेल्या नाहीत. समुद्राकडे कललेल्या आहेत. बर्फ डोंगरावरूनच आला.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी अंगावर काटा आला. दोन महिने मी पृथ्वीच्या आतून बाहेर बघत होतो आणि मला पत्ता नव्हता.

"आता?" दादा म्हणाला.

"सांगावं लागेल."

"नोकरी जाईल."

"नोकरीचं नाही रे. त्यांचं सगळं जाईल."

तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग माझ्या नाकावर नीट बसवून म्हणाला, "मी येऊ का बरोबर?"

२६ मार्च

गेलो. वर जिन्यापर्यंत गेलो. बाईंचं दार उघडं होतं, त्या टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात काहीच नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या. मी परत खाली आलो आणि स्वच्छ असलेलं चाक पुन्हा धुतलं.

मनात नको ते येऊन गेलं. खाण बुजली आहे. वर गोदाम आहे. कोणी तपासू शकत नाही. दादा सांगणार नाही. बर्फाला काय फरक पडतो? फरक बाईंनाच पडतो. मी गप्प बसलो तर त्या जूनमध्ये टाळ्या घेऊन घरी जातील. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण असं मनात आलं नव्हतं असं नंतर मला म्हणता येऊ नये.

२७ मार्च

सांगितलं.

दादा बरोबर आला होता, बसथांब्यावर थांबला. मी दार वाजवलं, आत गेलो, उभ्याउभ्याच बोललो. डोळ्याची बाजू, झाकण, डावं-उजवं. वाक्यं नीट जुळत नव्हती. शेवटी म्हणालो, "बाई, माझ्या हातून तुमचं वाटोळं झालं. बर्फ डोंगराकडून आला."

त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तीन मार्चपासून माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

त्यांनी कपाट उघडून तो फोटो काढला. आत तोंड भिंतीकडे करून ठेवलेला होता. सहाव्या डब्याच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे एक टोकदार दगड होता, डाव्या कडेला. सहाव्या कापात तोच दगड उजव्या कडेला आहे. मी तो रोज बघितला होता.

"फोटो मी तुम्हाला दिसू नये म्हणून नाही उतरवला. मला दिसू नये म्हणून उतरवला." मग खणातून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "दोन लेख लिहून तयार आहेत. एकात समुद्र, एकात डोंगर. चोवीस दिवस झाले, कुठला पाठवायचा ते ठरत नव्हतं. रोज सकाळी एक ठरायचं, दुपारी दुसरं."

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"कुठली बाजू वर ठेवायची हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना माहीत असतं असं धरून चालले. ती चूक माझी. त्याचं काही नाही, चुका दुरुस्त होतात." त्या थांबल्या. "पण आज तुम्ही आला नसतात, तर मी कुठलं पाकीट पाठवलं असतं, हे मला खरंच माहीत नाही. आणि आता ते कधी कळणारही नाही. ते मात्र दुरुस्त होत नाही, चष्मेवाले."

मला त्यांच्याकडे बघवेना. खिडकीतून दादा दिसत होता, बसथांब्यावर, एक बस सोडून देताना.

बाईंनी एक पाकीट उचलून फाडलं. एकदा, मग आडवं एकदा. समुद्राचं.

२८ मार्च

आज अकरा काप घेऊन बसलो. मी एकेक पुढे करायचा, बाईंनी उलटा करून बघायचा, आणि स्वतःच्या हातानं जुन्या नंबरावर काट मारून दुसऱ्या अंगाला नवा कोरायचा. पहिल्या तीन कापांपर्यंत खोलीत नुसता लेखणीचा आवाज. मी मान वर केली नाही.

चौथ्यावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या. पाचव्यावर "अरेच्चा" म्हणाल्या. सहाव्यावर मला दंडाला धरून ओढलं. "अहो, हे बघा. हे मी बघितलंच नव्हतं!"

घड्यांच्या वर एक बारीक भेग होती, वाळूनं भरलेली, झाडाच्या मुळीसारखी वर चढत गेलेली. बाईंनी सांगितलं ते असं, की खालचं पाणी ओझ्यानं इतकं दाबलं गेलं की एके दिवशी माती फोडून वर उसळलं, आणि येताना वाळू घेऊन आलं. ते पाणी गेल्यावर माती घट्ट झाली, बर्फ जागीच अडला, ओढ थांबली. म्हणून घड्या तशाच राहिल्या. ते पाणी उसळलं नसतं तर सगळं पुसून गेलं असतं, आणि आपल्याला काही दिसलं नसतं.

"मी कल कुठे आहे एवढंच बघत होते," बाई म्हणाल्या. "डावीकडे की उजवीकडे. बाकी काही बघितलंच नाही."

"आणि तुमचे लाल दगड?" मी विचारलं. समुद्राकडच्या खडकाचे लाल दगड इथे सापडतात, हा त्यांचा जुना मुद्दा.

"तळ्यात तरंगत्या बर्फाबरोबर आले असतील. डोंगरवाले पंधरा वर्षं हेच म्हणताहेत." आणि त्या हसल्या. मग हसता हसता रडल्या. या वेळी सर्दी म्हणाल्या नाहीत. मी पाणी आणून दिलं. ते पिऊन त्यांनी विचारलं, "सातवा कुठे आहे?"

अकरावा होईपर्यंत जेवायची वेळ टळून गेली होती. त्यांना आठवण नव्हती, मलाही नाही. दाण्याएवढ्या जागेत एवढं घडतं आणि वर माणसं भाजी घेऊन जातात!

३१ मार्च

लेख गेला. डोंगराचा. पाठवल्यावर बाईंनी लगेच डोंगरवाल्यांना फोन लावला, माझ्यादेखत, आवाज मोठा करून. मी उठायला लागलो तर हातानं बसवलं.

"बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं. माझं चूक होतं. अकरा काप आहेत माझ्याकडे, सगळे तुमच्या बाजूचे."

पलीकडे एवढी शांतता की मला वाटलं फोन कट झाला.

मग एक थकलेला आवाज आला. "बाई, चेष्टा करताय का?"

"नाही."

"काप कसे आहेत?"

"उत्तम."

"घड्या दिसतात?"

"हिवाळेसुद्धा मोजता येतात."

"मी गुरुवारी येतो," ते म्हणाले. "मुलगा नको म्हणेल, तरी येतो."

४ एप्रिल

उरलेल्या तीन डब्यांचं काम सुरू केलं. झाकणाची बाजू वर. हात दर वेळी उलटा वळायला बघतो. दादानं पत्र्याची एक पट्टी करून दिली आहे, ठोकळ्यात अडकवायला, म्हणजे उलटा बसणारच नाही. पट्टीवर त्यानं "बघणारा इकडे" असं कोरलं आहे. दिली तेव्हा म्हणाला, "दुकानात असतास तर ही वेळ आली नसती." मग वर जाताना जिन्यात थांबून, "एखादा काप बघायला मिळेल का रे?"

५ एप्रिल

डोंगरवाले आले. मला वाटलं होतं, कोणी उंचापुरा रुबाबदार माणूस असेल. काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत एक हडकुळे गृहस्थ वर आले. मुलगा खाली गाडीतच राहिला. बाई दारात उभ्या होत्या. आता ते काय बोलणार म्हणून माझा जीव टांगणीला. बावीस वर्षांचं बोलणं साठलं असणार.

ते एवढंच म्हणाले, "कुठे आहे?"

बाईंनी मायक्रोस्कोपपुढची खुर्ची ओढून दिली. ते बसले, चष्मा कपाळावर सरकवला. बाईंनी सहावा काप लावला आणि पोलरॉइड फिरवली.

मी घड्याळ बघितलं नाही, पण मी नळाखाली लावलेलं भांडं भरून सांडायला लागलं एवढा वेळ ते हलले नाहीत.

"बाई," ते डोळा न काढता म्हणाले, "मी आयुष्यभर म्हणत आलो की डोंगराकडून आला. पण हे असं असेल हे मला ठाऊक नव्हतं. हो हो, हे असं असेल हे मला कुठे ठाऊक होतं?"

"मलाही नव्हतं," बाई म्हणाल्या.

"एकट्यानं बघवत नाही हो. या. तुम्हीही बघा."

एका मायक्रोस्कोपमध्ये दोघांना बघता येत नाही, तर त्यांनी पाळी लावली. दहा मोजेपर्यंत एकानं, मग दुसऱ्यानं. पाचव्या फेरीला बाईंनी वीस मोजले. "हे बरोबर नाही," डोंगरवाले म्हणाले. मग त्या घडीवर बोट नाचवून म्हणाले, ही एका दिवसात पडलेली आहे, सरळ दिसतंय. बाई म्हणाल्या, एका दिवसात? शंभर वर्षं लागली असतील, कमीत कमी. पुरावा? पुरावा समोर आहे, बघा ना नीट. बघतोच आहे, बाई, तुम्ही सरका.

माझं तिथे काम नव्हतं. मी दार लोटून घेतलं. जिन्यात बराच वेळ उभा होतो. आतून दोघांचे आवाज चढत होते आणि मध्येच एकदम थांबत होते. थांबले की मला कळत होतं, आता कोणीतरी बघतंय.